कर्जदाराचा उंबरठा : अमेरिकेतील व्याजाचे कायदे आणि राज्यांच्या सीमा

व्यापार-उदिमात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या समाजाला व्याज हा विषय नवा नाही. रोजमेळ, खतावणी, हुंडी आणि दरमहा दरशेकड्याचा हिशेब यांच्या सोबतीनेच अनेक घराण्यांचा इतिहास घडला. देवघेवीत मुद्दल किती, व्याज किती आणि मुदत किती, हे तीन प्रश्न नेहमीचेच. परंतु धनको एका राज्यात आणि ऋणको दुसऱ्या राज्यात असेल, तर चौथा प्रश्न उपस्थित होतो : व्याजाची कमाल मर्यादा कोणत्या राज्याच्या कायद्याने ठरवावी? वरकरणी हा वकिलांच्या वादाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात पगाराच्या आधीचे चार दिवस ढकलण्यासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला कायद्याचे संरक्षण मिळणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा ऊहापोह सुमारे दोन शतके चालू आहे. इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जांमुळे, म्हणजे तिकडे ‘पे-डे लोन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्यवहारामुळे, त्याला नवी धार आली. कायदा धनकोच्या दुकानापाशी थांबतो की कर्जदाराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, हा या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

राज्याराज्यांचे वेगळे व्याज

अमेरिकेत व्याजावर मर्यादा घालण्याचे काम प्रारंभापासून मुख्यतः राज्यांकडे राहिले. इंग्रजी वसाहतींच्या काळातच, १६४१ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने शेकडा आठची मर्यादा घातली होती. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी आपापले कायदे चालू ठेवले. देश एकच, परंतु व्याजाचे नियम मात्र प्रांतोप्रांती निराळे, अशी स्थिती निर्माण झाली आणि ती आजही कायम आहे. न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारण मर्यादा वार्षिक १६ टक्के असून २५ टक्क्यांहून अधिक व्याज घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. याउलट युटा किंवा नेवाडा यांसारख्या राज्यांत पे-डे लोनच्या व्याजदरावर कमाल मर्यादाच नाही.

राज्यांमधील व्यापार वाढला तसा सीमेचा प्रश्न न्यायालयांपुढे आला. १८३९ मध्ये ‘अँड्र्यूज विरुद्ध पाँड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क आणि अलाबामा या दोन राज्यांशी संबंधित हुंडीच्या व्यवहाराचा विचार केला. सरन्यायाधीश टॉनी यांनी मांडलेले तत्त्व असे : करार एका राज्यात झाला आणि पैसे दुसऱ्या राज्यात फेडायचे असले, तर उभय पक्षांनी फेडीच्या ठिकाणचा अधिक दर सचोटीने ठरवल्यास तो बेकायदा ठरत नाही, परंतु ते ठिकाण केवळ अवाजवी व्याज झाकण्यासाठी पुढे केलेले असेल, तर करारास संरक्षण मिळणार नाही. १९२७ च्या ‘सीमन’ खटल्यातही याच विचाराचा पुनरुच्चार झाला. ज्या राज्याचा कायदा लावायचा, त्या राज्याशी व्यवहाराचे नैसर्गिक आणि खरे नाते असले पाहिजे, असा त्याचा आशय होता. हे दोन्ही खटले व्यापारी व्यवहारांचे होते. दोन्ही बाजूंना हिशेब कळत होता, कराराच्या अटींची घासाघीस करता येत होती. पुढे हेच तत्त्व गरजू नोकरदाराच्या कर्जाला लावण्याची वेळ आली, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली.

पगारावर डोळा ठेवणारे सावकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांत कारखाने, रेल्वे आणि कचेऱ्यांत काम करणारा मोठा पगारदार वर्ग उदयास आला. आजारपण, बाळंतपण किंवा घरभाडे यांसाठी त्याला थोडक्या रकमेची निकड भासे. बँका इतकी लहान कर्जे देत नसत. ही पोकळी पगारावर कर्ज देणाऱ्या सावकारांनी भरून काढली. कायद्यातून निसटण्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली. आपण कर्ज देतच नाही, नोकरदाराचा पुढील पगार सवलतीच्या दराने आजच विकत घेतो, असे कागदोपत्री दाखवले जाई. व्यवहार तोच ठेवून त्याचे नाव बदलण्याची ही पद्धत पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांत दिसत राहिली.

१९०७ मध्ये मार्गारेट ऑलिव्हिया सेज या विधवा स्त्रीने आपल्या दिवंगत पतीच्या नावे न्यूयॉर्क येथे ‘रसेल सेज फाउंडेशन’ ही धर्मादाय संस्था स्थापन केली. संस्थेने या सावकारीचा अभ्यास हाती घेतला आणि १९१६ मध्ये लहान कर्जांसाठी एका आदर्श कायद्याचा मसुदा तयार झाला. तीनशे डॉलरपर्यंतच्या कर्जावर दरमहा दरशेकडा साडेतीनपर्यंत व्याज घेण्याची मुभा त्यात होती. मात्र त्यासाठी सरकारी परवाना आवश्यक होता. साडेतीनचा दर तेव्हाच्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षा बराच अधिक होता, आणि तो जाणीवपूर्वक तसा ठेवला होता. लहान कर्जाचा खर्च भरून निघाल्याशिवाय प्रामाणिक भांडवल या धंद्यात येणार नाही, आणि ते आले नाही तर गरजू माणूस बेकायदा सावकाराच्याच दारी जाईल, हा त्यामागील विचार होता. पुढील काळात अनेक राज्यांनी या नमुन्यावर कायदे केले. परवानाधारक सावकाराचे दुकान त्याच राज्यात असल्यामुळे सीमेचा प्रश्न त्या काळी फारसा टोकाला गेला नाही.

१९७८ चा निकाल : बँकेचे घर महत्त्वाचे

बँकांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. यादवी युद्धाच्या काळात संमत झालेल्या राष्ट्रीय बँक कायद्यात, १८६४ मध्ये, अशी तरतूद होती की राष्ट्रीय बँक ज्या राज्यात स्थित असेल, त्या राज्यात अनुज्ञेय असलेल्या दराने तिला व्याज आकारता येईल. शंभर वर्षे या वाक्याने फारसा गाजावाजा केला नाही. क्रेडिट कार्ड टपालाने घरोघरी जाऊ लागली, तेव्हा ‘स्थित’ या एका शब्दाला विलक्षण महत्त्व प्राप्त झाले.

नेब्रास्कातील ओमाहा शहरातील एका राष्ट्रीय बँकेने मिनेसोटातील रहिवाशांना कार्ड देण्यास आरंभ केला. मिनेसोटात अशा उधारीवर १२ टक्क्यांची मर्यादा होती, नेब्रास्कात ९९९.९९ डॉलरपर्यंतच्या बाकीवर १८ टक्के आकारता येत. मिनियापोलिसच्या मार्क्वेट बँकेने याविरुद्ध दाद मागितली. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ओमाहाच्या बँकेच्या बाजूने निर्णय दिला. ग्राहक मिनेसोटात राहत असला तरी बँक नेब्रास्कातच स्थित आहे, म्हणून तिथलाच दर चालेल, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी स्पष्ट केले. यामुळे राज्यांचे व्याजविषयक कायदे दुबळे होतील ही अडचण त्यांनी नाकारली नाही. तिच्यावर उपाय करणे हे कायदेमंडळाचे काम आहे, असे म्हटले.

या निकालाचे परिणाम दूरगामी झाले. १९८० मध्ये साउथ डकोटा राज्याने व्याजावरील मर्यादा उठवली आणि पाठोपाठ सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून त्या राज्यातील सू फॉल्स या शहरात हलवला. १९८१ मध्ये डेलावेअरनेही बँकांना आकर्षित करणारा कायदा केला. १९८० च्याच एका संघीय कायद्याने, ठेवविमा असलेल्या राज्यस्तरीय बँकांनाही अशीच सवलत दिली. मात्र राज्यांना तिच्यातून बाहेर पडण्याचा पर्यायही ठेवला. एका राज्याचा दर दुसऱ्या राज्यात नेण्याच्या या पद्धतीला ‘व्याजदराची निर्यात’ असेच नाव पडले. एखाद्या लहान राज्याच्या विधिमंडळाचा निर्णय अशा रीतीने साऱ्या देशातील ग्राहकांना लागू होऊ लागला.

पे-डे लोनचा उदय

१९९० च्या दशकात पे-डे लोनची दुकाने झपाट्याने पसरली. व्यवहार दिसण्यास सोपा होता. कर्जदाराने शंभर डॉलर घ्यायचे आणि दोन आठवड्यांनी, पगाराच्या दिवशी, एकशे पंधरा परत करायचे. हमी म्हणून पुढील तारखेचा धनादेश लिहून द्यायचा. पंधरा डॉलर ही रक्कम किरकोळ भासते. वार्षिक हिशेब मांडला तर तो दर सुमारे ३९० टक्के होतो. ज्याची पगाराआधी ओढाताण होते, त्याची पगारानंतरही होतेच. त्यामुळे अनेकजण केवळ पंधरा डॉलर भरून मुदत वाढवून घेत. पाच वेळा मुदत वाढवली, तर पंचाहत्तर डॉलर जातात आणि शंभराचे मुद्दल जसेच्या तसे उभे राहते.

हे सावकार बँका नव्हते, म्हणून १९७८ च्या निकालाचा लाभ त्यांना थेट मिळत नव्हता. त्यांनी दूरच्या राज्यांतील काही लहान बँकांशी करार केले. कर्ज बँकेच्या नावे द्यायचे. जाहिरात, वसुली आणि बहुतांश नफा मात्र सावकाराकडे. टीकाकारांनी याला ‘बँक भाड्याने घेणे’ असे समर्पक नाव दिले. २००२-०३ च्या सुमारास राष्ट्रीय बँकांच्या नियामकाने आणि २००५ मध्ये ठेवविमा महामंडळाने कठोर धोरण स्वीकारल्यावर हा मार्ग बराच अरुंद झाला. तोवर इंटरनेटचा मार्ग खुला झाला होता.

कर्ज नेमके कोठे दिले गेले?

इंटरनेटवरील सावकाराचा युक्तिवाद साधा होता : कचेरी आमच्या राज्यात, अर्जाला मंजुरी आमच्या राज्यात, म्हणून कर्जही आमच्याच राज्यात दिले गेले. या युक्तिवादाची कसोटी ‘क्विक पे-डे विरुद्ध स्टॉर्क’ या खटल्यात लागली. युटा राज्यातील या कंपनीने २००१ ते २००५ या काळात कॅन्ससचा पत्ता देणाऱ्या ९७२ व्यक्तींना एकूण ३,०७९ कर्जे दिली होती, तीही कॅन्ससचा परवाना न घेता. तेथील बँक आयुक्तांनी कारवाई केल्यावर कंपनीने राज्यघटनेचा आधार घेतला. आंतरराज्य व्यापाराचे नियमन हा काँग्रेसचा अधिकार आहे. एका राज्याने दुसऱ्या राज्यातील व्यवसायावर बंधने घालणे घटनाबाह्य आहे, असे तिचे म्हणणे होते. कॅन्ससचा रहिवासी कर्ज घेताना राज्याबाहेर असू शकेल, अशीही शंका तिने उपस्थित केली.

२००८ मध्ये दहाव्या मंडलाच्या संघीय अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कर्जदार आपल्या घरी बसून अर्ज करतो, पैसे तेथेच स्वीकारतो आणि परतफेडीचा भारही त्याच राज्यात वाहतो. अशा रहिवाशांचे रक्षण करण्याचा राज्याला अधिकार आहे, असा या निर्णयाचा मथितार्थ. परवाना सर्वांनाच सारखा लागू असल्याने बाहेरच्या व्यापाऱ्याविरुद्ध पक्षपात झाला, असेही म्हणता येत नव्हते. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, राज्यात कचेरी नसली तरी तेथील रहिवाशांना इंटरनेटवरून कर्ज देणाऱ्याला राज्याचा परवाना घ्यावाच लागेल, असे ठरवले.

त्याच वर्षी सातव्या मंडलाच्या न्यायालयाने एका खटल्यात उलट दिशेचा निर्णय दिला. त्याची तुलना उद्बोधक आहे. इंडियानातील रहिवासी स्वतः सीमा ओलांडून इलिनॉयमधील दुकानात जात आणि मोटारीच्या कागदांवर कर्ज घेत. इंडियानाने आपला कायदा त्या दुकानालाही लावू पाहिला. न्यायमूर्ती पोझनर यांच्या न्यायपीठाने तो प्रयत्न घटनेविरुद्ध ठरवला, कारण करार, रक्कम आणि फेड हे सारे इलिनॉयमध्येच घडत होते. दोन्ही निर्णय शेजारी ठेवले म्हणजे मर्यादा स्पष्ट होते. कर्जदार धनकोच्या दारी गेला, तर धनकोच्या राज्याचा कायदा. धनको तारेवरून कर्जदाराच्या घरात शिरला, तर त्या घराच्या राज्याचा कायदा.

करारातील कलमे आणि आदिवासी भूमी

यातून सुटण्यासाठी करारपत्रांत ‘या कर्जास अमुक राज्याचाच कायदा लागू राहील’ असे कलम छापले जाऊ लागले. व्यापाऱ्यांमधील करारांत अशा कलमांना न्यायालये सामान्यतः मान देतात. परंतु कर्जदाराच्या राज्याच्या मूलभूत धोरणाला ते कलम छेद देत असेल, तर ते बाजूला ठेवण्याची मुभा कायद्यात आहे. ज्या कराराच्या अटींत एका अक्षराचाही बदल करण्याची कर्जदाराला संधी नसते, त्यात राज्याची निवड उभयपक्षी झाली असे मानणे कठीणच.

त्यानंतरची युक्ती अधिक धाडसी होती. अमेरिकेतील मूळनिवासी जमातींना मर्यादित सार्वभौमत्व आहे. राज्य शासनाला त्यांच्यावर सहजी खटला भरता येत नाही. काही सावकारांनी आपला व्यवसाय जमातीच्या नावे दाखवला आणि कर्ज आदिवासी भूमीवर दिले जाते, असा दावा केला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने ३५ इंटरनेट सावकारांना व्यवसाय थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. दोन जमाती न्यायालयात गेल्या, परंतु २०१४ मध्ये त्यांना अंतरिम मनाई हुकूम मिळाला नाही. कर्ज घेणारे न्यूयॉर्कवासी आदिवासी भूमीवर कधी गेलेच नव्हते, ही बाब निर्णायक ठरली. व्हरमाँटच्या कर्जदारांच्या खटल्यातही २०१९ मध्ये न्यायालयाने असेच सांगितले की जमातीच्या भूमीबाहेर राज्याचा कायदा मोडला गेला असेल, तर पुढील मनाईसाठी संबंधित अधिकाऱ्यांवर दावा चालू शकतो. जमातीच्या नावाचा केवळ मुखवटा वापरल्याबद्दल एका मोठ्या सावकाराला २०१७ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि २०१८ मध्ये १६ वर्षे ८ महिन्यांची कैद झाली. यात एक करुण भागही आहे. दारिद्र्याशी झगडणाऱ्या काही जमातींना उत्पन्नाचे साधन हवेच होते. त्यांच्या निकडीचा उपयोग इतरांच्या निकडीवर जगणाऱ्यांनी करून घेतला.

पुन्हा बँकेच्या आडोशाला

आदिवासी भूमीचा मार्ग अवघड झाल्यावर काही सावकार पुन्हा बँकांकडे वळले. २०१५ मध्ये ‘मॅडन’ खटल्यात दुसऱ्या मंडलाच्या न्यायालयाने निर्णय दिला की राष्ट्रीय बँकेकडून थकीत कर्ज विकत घेणाऱ्याला बँकेची व्याजविषयक सवलत आपोआप मिळत नाही. २०२० मध्ये संघीय नियामकांनी नियम करून, आरंभी वैध असलेले व्याज कर्ज विकल्यावरही वैधच राहते, असे जाहीर केले. त्याच वर्षी कागदावर ज्या बँकेचे नाव असेल तीच खरी धनको मानावी, असा आणखी एक नियम निघाला. तो मात्र २०२१ मध्ये काँग्रेसने रद्द केला.

राज्येही स्वस्थ बसली नाहीत. साउथ डकोटातील मतदारांनी २०१६ मध्ये सार्वमताने अशा कर्जांवर ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. ज्या राज्याने १९८० मध्ये व्याजावरील मर्यादा उठवली होती, तेथील सामान्य जनतेनेच हे पाऊल उचलावे, हे लक्षणीय आहे. कोलोरॅडो (२०१८), नेब्रास्का (२०२०) आणि इलिनॉय (२०२१) या राज्यांनीही ३६ टक्क्यांचाच आकडा निवडला. नाव बँकेचे असले तरी जोखीम आणि नफा कोणाकडे आहे, हे पाहून खरा धनको ठरवण्याची तरतूद इलिनॉयच्या कायद्यात आहे. कोलोरॅडोने २०२३ मध्ये १९८० च्या संघीय सवलतीतून बाहेर पडण्याचा कायदा केला. त्यावर पुन्हा तोच जुना वाद न्यायालयात गेला : कर्ज बँकेच्या राज्यात दिले जाते की कर्जदाराच्या? २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने बँकांच्या बाजूने, तर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला.

साऱ्या देशासाठी एकच मर्यादा घालण्याचे काम काँग्रेसने एका वर्गापुरते केले आहे. सैनिकांची बदली आज एका राज्यात तर उद्या दुसऱ्या राज्यात होते. २००६ च्या कायद्याने त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांवर वार्षिक ३६ टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. सैनिक कोठेही राहो, हे संरक्षण त्याच्याबरोबर जाते. इतर नागरिकांच्या बाबतीत मात्र धनको बँक आहे की नाही आणि कर्जदार कोठे राहतो, हे पाहूनच उत्तर शोधावे लागते.

दख्खनचा एक जुना दाखला

कर्जदाराच्या वास्तव्याला महत्त्व देण्याचा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. जमावाचा भर कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीत एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. निरक्षर शेतकऱ्याला न्यायालयात उभे राहणे जमत नसे आणि त्याच्या गैरहजेरीत निकाल लागे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर जे उपाय योजले, त्यांपैकी एक असा होता की शेतकरी प्रतिवादी जेथे राहतो, तेथील न्यायालयातच त्याच्यावर कर्जाचा दावा दाखल व्हावा. रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचेही बंधन न्यायाधीशांवर घालण्यात आले. कॅन्ससचा खटला आणि इलिनॉयचा कायदा यांत शतकाहून अधिक काळाने जी दोन तत्त्वे दिसतात, ती येथे बीजरूपाने आढळतात : कर्जदाराच्या गावाला मान आणि कागदामागील खऱ्या व्यवहाराचा शोध.

आज भारतातही मोबाइलवरून मिनिटांत कर्ज मिळते आणि धनको कोणत्या राज्यात आहे, याची कर्जदाराला वार्ताही नसते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरातमधील कायद्यांच्या संदर्भात निर्णय दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करणे, सर्व आकार धरून वार्षिक दर आधी सांगणे आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळे होण्याची सोय देणे, अशा अटी त्यांत होत्या. अमेरिकेत राज्ये ज्या रक्षणासाठी झगडत आहेत, त्याची बरीच जबाबदारी येथे मध्यवर्ती संस्थेकडे आली आहे.

१८३९ मध्ये न्यायालयाने सचोटी हा निकष सांगितला होता. हुंडीची जागा कार्डाने आणि कार्डाची जागा पडद्यावरील अर्जाने घेतली, तरी तो निकष शिळा झालेला नाही. ज्या धनकोला आपला दर कर्जदाराच्या गावात उघडपणे सांगता येतो, त्याला दूरच्या राज्याचा आडोसा शोधावा लागत नाही. पेढीची पत पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरलेल्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको.